मोजे घालायला शिकवणारा कोच : जॉन वूडन आणि आपापले सर

लेसवाला | शनिवार, सकाळी ७:४०

परवा पोराला बास्केटबॉलच्या प्रॅक्टिसला सोडायला गेलो होतो. गाडीतून उतरताना त्याच्या बुटाची लेस लोंबत होती. मी तिथेच पार्किंगमध्ये गुडघा टेकून बसलो. नुसती वरची गाठ न मारता लेस पार सैल केली आणि खालच्या भोकापासून एकेक आटी ओढत वर आलो. मग दुहेरी गाठ. पोरगा इकडेतिकडे बघत म्हणाला, "बाबा, मी आठवीत आहे."

ही खोड मला सांगलीला कॉलेजात असताना सरांनी लावली. पहिल्या दिवशी सरांनी आम्हा अकरा जणांना जिमखान्याच्या पायरीवर ओळीत बसवलं. बॉल नाही, पळणं नाही. म्हणाले, मोजे काढा आणि परत घाला. आम्ही एकमेकांकडे बघून फिदीफिदी हसलो. सर प्रत्येकाच्या टाचेवरून अंगठा फिरवत गेले. सुरकुती लागली की परत काढायचा. त्या दिवशी आम्ही बॉलला हातसुद्धा लावला नाही.

सरांना हे कुठून सुचलं ते मला कॅलिफोर्नियात आल्यावर कळलं. मी यूसीएलएला, म्हणजे लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात, एमएस करत होतो. तिथल्या बास्केटबॉलचे जुने कोच जॉन वूडन यांच्याबद्दल कुणीतरी सांगत होतं की हा माणूस दरवर्षी पहिल्या प्रॅक्टिसला मोजे कसे घालायचे ते शिकवायचा. देशभरातून निवडून आणलेली, साडेसहा-सात फुटी पोरं, आणि त्यांना मोजे! कारण साधं होतं. सुरकुती राहिली की फोड येतो, फोड आला की प्रॅक्टिस चुकते. बरीच पोरं मापापेक्षा मोठे बूट घालतात हेही त्यांच्या लक्षात आलं होतं. पाय आत सरकला की परत फोड. म्हणून ते पोरांना विचारायचे नाहीत, सरळ पायाचं माप घ्यायला लावायचे.

ते ऐकताना मी थेट सांगलीच्या पायरीवर जाऊन बसलो. सरांकडे एका अमेरिकन पुस्तकाचं झेरॉक्स होतं, खाकी पुठ्ठ्यात दोऱ्याने शिवलेलं. ते कुणाचं, हे विचारायची तेव्हा अक्कल नव्हती.

ज्यांना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. वूडन १९१० चे, इंडियानाच्या शेतकरी घरातले. पर्ड्यू विद्यापीठाकडून स्वतः उत्तम खेळले, मग शाळेत इंग्रजी शिकवलं आणि टीम सांभाळली. १९४८ मध्ये यूसीएलएला आले. खरं तर त्यांना मिनेसोटाला जायचं होतं. ठरलेल्या वेळी तिकडून फोन येणार होता, पण हिमवादळात तारा तुटल्या. त्यांना वाटलं, नकार दिसतोय. तेवढ्यात यूसीएलएचा फोन आला आणि त्यांनी होकार दिला. तासाभराने मिनेसोटाचा फोन लागला, पण यांनी शब्द दिलेला होता. संपला विषय.

पहिलं राष्ट्रीय अजिंक्यपद मिळालं १९६४ ला. म्हणजे सोळावा सीझन! आजच्या हिशोबाने असा कोच चौथ्या वर्षी घरी बसला असता. आणि ते धरून १२ वर्षांत १० अजिंक्यपदं, त्यातली १९६७ ते १९७३ अशी सात ओळीने. सलग ८८ सामने जिंकले. त्या मालिकेच्या आधीची हार आणि ती मालिका तोडणारी हार, दोन्ही नोत्र दाम विद्यापीठाकडून, दोन्ही त्यांच्या साउथ बेंड गावच्याच मैदानावर. आणि वूडन एकेकाळी शाळामास्तर होते तेही साउथ बेंडलाच.

पण मला आकड्यांपेक्षा त्या आधीच्या पंधरा सीझनांमध्ये जास्त रस आहे. पॉली पॅव्हिलियन हे झकपक स्टेडियम १९६५ ला आलं. तोवर प्रॅक्टिस चालायची ती जुन्या व्यायामशाळेच्या तिसऱ्या मजल्यावर. तिथेच बाजूला कुस्तीवाले आणि जिम्नॅस्टिक्सवाले. पोरं त्या जागेला घामट वासावरून नाव ठेवायची. आणि पोरं यायच्या आधी कोच स्वतः मॅनेजर पोरांबरोबर जमीन झाडून पुसून घ्यायचा, कारण धुळीवर बूट घसरतो.

मी त्यांना एकदाच पाहिलं. पॉलीमध्ये आमच्या टीमच्या बाकामागे त्यांची ठरलेली जागा होती. नव्वदी पार केलेले, हातात काठी, अंगात स्वेटर. हाफटाइमला लोक सही घ्यायला रांग लावायचे. मी रांगेत उभा राहिलो आणि माझा नंबर यायच्या आत सामना परत सुरू झाला. २०१० च्या जूनमध्ये ते गेले. शंभरीला चार महिने कमी होते.

तर विषय हा की, कॉलेजातल्या सरांची कोणती गोष्ट अजून तुमच्या अंगात आहे? उपदेश नको, अंगातलीच सांगा.

---

पुणेरी बाक | शनिवार, सकाळी ८:१५

आमच्या कॉलेजला जिमखाना होता असं प्रॉस्पेक्टसमध्ये लिहिलेलं होतं. आत कॅरमचे दोन बोर्ड होते, त्यातल्या एकाला स्ट्रायकर नव्हता. सर होते की नाही ते आठवत नाही. धागा मस्त, वाचतोय.

---

नववी पाटी | शनिवार, सकाळी ९:०२

जमीन पुसण्याचं वाचलं आणि आमचे खो-खोचे सर डोळ्यासमोर आले. मातीचं मैदान. आम्ही मुली साडेपाचला पोचायचो तेव्हा सर पाणी मारून फक्की आखत असायचे. दोरी लावून, कमरेत वाकून. शिपायाला सांगता आलं असतं, पण शिपायाची रेघ वाकडी यायची आणि पाटीवर बसलेल्या मुलीचा पाय रेघेवर पडला की फाउल. खडे वेचायचं काम आमचं. एकेक पाटी एकेका मुलीची. माझी नववी, खांबाजवळची. (खेळाडू नऊ, पाट्या आठ. मग माझी नववी कुठून आली? ती खांबामागची जागा, जिथे पाठलाग करणारी वळते. तिथेच सगळ्यांचे गुडघे फुटायचे, म्हणून सरांनी तिला पाटीचा मान दिला होता!)

अजूनही कुठल्याही नव्या जागी गेले की माझी नजर आधी जमिनीवर जाते. लग्नाच्या हॉलमध्येसुद्धा. सासूबाई म्हणतात, हिचं काहीतरी हरवलंय.

सरांनी कधी 'शाबास' म्हटल्याचं आठवत नाही. चुकलं की एवढंच म्हणायचे, "डावा खांदा आधी." बरोबर आलं की काहीच नाही, सरळ पुढची मुलगी. तेव्हा राग यायचा.

---

मास्तरीणबाई | शनिवार, सकाळी १०:३०

नववी पाटी, तुमच्या शेवटच्या परिच्छेदासाठी लॉगिन केलं. बी.एड.ला शिकवते, त्यामुळे हा विषय माझ्या पोटापाण्याचा.

वूडनच्या शेवटच्या सीझनला, १९७४-७५ मध्ये, दोन मानसशास्त्रज्ञ, रोनाल्ड गॅलिमोर आणि रोलंड थार्प त्यांच्या प्रॅक्टिसला जाऊन बसले. पंधरा प्रॅक्टिस बघितल्या आणि कोच काय बोलतो, काय करतो ते टिपलं. २,३२६ नोंदी झाल्या. त्यांची अपेक्षा असेल की एवढा मोठा माणूस, जबरदस्त भाषणं ठोकत असेल. तसं काहीच नव्हतं. निम्म्याहून किंचित जास्त नोंदी निव्वळ सूचनांच्या : काय करायचं, कसं करायचं. नुसती स्तुती ६.९ टक्के. नुसतं रागावणं ६.६ टक्के. आणि सुमारे ८ टक्के नोंदी अशा होत्या ज्यात चूक दाखवायची आणि त्याच दमात बरोबर कसं ते सांगायचं.

वाक्यं तुटक, दोन-चार सेकंदांची. करून दाखवायचं तर बरोबर, मग पोराने केलं तसं चुकीचं, मग परत बरोबर. सगळं मिळून काही सेकंदांत. पोरगं धावतंय तोवर कानात सूचना पोचली पाहिजे.

तुमच्या सरांचं "डावा खांदा आधी" हे त्यातलंच. मी दरवर्षी विद्यार्थ्यांना हा अभ्यास सांगते आणि दरवर्षी वर्गात कुणीतरी विचारतं, "मग मॅडम, प्रोत्साहन?" अरे बाबा, पोरगं शिकतंय हे पोराला कळणं, त्याहून वेगळं प्रोत्साहन काय असतं?

आणखी एक. दोन तासांच्या प्रॅक्टिसची आखणी करायला ते जवळजवळ तेवढाच वेळ द्यायचे. मिनिटामिनिटाचा हिशोब छोट्या कार्डावर, आणि ती टिपणं जपून ठेवलेली. मागच्या वर्षी याच आठवड्यात काय घेतलं होतं आणि कुठे फसलं, ते काढून बघायचे. आमच्याकडे टाचण म्हणजे तपासणीच्या आदल्या रात्री एकाच पेनाने लिहिलेलं वर्षभराचं साहित्य. असो.

---

शंकेखोर | शनिवार, दुपारी १२:१०

सगळं गोड गोड चाललंय म्हणून थोडं मीठ टाकतो.

एक, १९६४ च्या ज्या टीमने पहिलं अजिंक्यपद आणलं तिचं मुख्य हत्यार होतं कोर्टभर दाबून धरणारा झोन प्रेस. साडेसहा फुटांवर एकही पोरगा सुरुवातीच्या पाचांत नव्हता, तरी सगळे सामने जिंकले ते त्या प्रेसच्या जोरावर. आणि तो लावायचा हट्ट धरला सहायक कोच जेरी नॉर्मनने. आपण नाव कुणाचं घेतो? वूडनचं.

दोन, सॅम गिल्बर्ट. लॉस एंजेलिसचा पैसेवाला बांधकाम कंत्राटदार. खेळाडू त्याच्या घरी पडीक असायचे, आणि विद्यार्थी खेळाडूंना नियमात न बसणारी मदत तो करायचा. डिसेंबर १९८१ मध्ये एनसीएएने (कॉलेजच्या खेळांची राष्ट्रीय संघटना) यूसीएलएवर दोन वर्षांचं प्रोबेशन लावलं आणि या माणसाशी संबंध तोडायला सांगितलं. तोवर वूडन निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण गिल्बर्टचा दरबार त्यांच्याच काळात भरायला लागला होता. जो माणूस मोज्याची सुरकुती बघतो त्याला पोराच्या अंगावरचा नवा कोट दिसला नाही?

---

लेसवाला | शनिवार, दुपारी १:५५

शंकेखोर, दोन्ही मुद्दे मान्य. नॉर्मनचं नाव मी घ्यायला हवं होतं. हट्ट त्याचा, पण पंधरा सीझनांत एकदाही अजिंक्यपद न मिळालेल्या कोचने हाताखालच्या माणसाचं ऐकलं, एवढं तरी पदरात टाका.

गिल्बर्टबद्दल माझं मत सांगतो. मला वाटतं, त्यांना दिसलं असणार, आणि फार खोलात बघायचं नाही असं त्यांनी ठरवलं असणार. कोर्टच्या चार रेघांच्या आत सगळं लख्ख आणि बाहेर अंधार. असे सर आपल्याकडेही असतात. ग्राउंडवर शिस्तीचे महामेरू आणि बोगस प्रवेशाचा कागद पुढे आला की मान खाली घालून सही.

पण दुसऱ्या पारड्यात हेही ठेवा. यूसीएलएच्या आधी ते इंडियाना स्टेटला होते. १९४७ मध्ये त्यांच्या टीमला कॅन्सस सिटीच्या राष्ट्रीय स्पर्धेचं बोलावणं आलं, पण त्या स्पर्धेत कृष्णवर्णीय खेळाडूंना बंदी होती. टीममध्ये क्लॅरेन्स वॉकर नावाचा पोरगा होता. मुख्य खेळाडू नव्हे, राखीवातला. वूडननी स्पर्धेलाच नकार दिला. पुढच्या वर्षी बंदी उठली, टीम वॉकरसकट गेली आणि अंतिम सामन्यापर्यंत पोचली. स्टार खेळाडूसाठी भांडणारे कोच पुष्कळ असतात. हा बाकावरचा होता.

---

गुडघेदुखी | शनिवार, संध्याकाळी ६:२०

दोन तास लिहू की नको करत होतो.

मी कबड्डी. चढाईवाला. कॉलेजचं नाव घेत नाही, सरांचंही नाही, माणूस आता थकलाय. विद्यापीठाच्या निवडीआधी आंतरमहाविद्यालयीनच्या उपांत्य सामन्यात माझा उजवा गुडघा पकडीत फिरला. टच्च आवाज आला, मलाच ऐकू आला. सर म्हणाले, बाबूला काही झालेलं नाही. रात्री एका डॉक्टरकडे नेलं, सुई टोचली, सकाळी क्रेप बँडेज बांधून अंतिम सामन्याला उतरवलं. जिंकलो. ढोल वाजले. माझा फोटो तालुक्याच्या पेपरात आला. त्यानंतर मी चढाई केली नाही. एम.आर.आय. हा शब्द मला तीन वर्षांनी कळला.

स्पोर्ट्स कोट्यातून नोकरी लागली, ती त्याच फायनलच्या सर्टिफिकेटवर. म्हणजे शिव्या द्याव्या तरी पंचाईत.

लेसवाला म्हणतात, अंगातलं सांगा. मागच्या महिन्यात ऑफिसात नवीन पोरगा ताप आहे म्हणून घरी जायचं म्हणत होता. क्वार्टर एंडिंग चालू होतं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "बाबूला काही झालेलं नाही." जसाच्या तसा तोच सूर. वाक्य तोंडातून गेल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन पाच मिनिटं उभा राहिलो. परत येऊन त्याला रिक्षात बसवून दिलं.

---

पुणेरी बाक | शनिवार, संध्याकाळी ६:४१

मालक, यावर मी काही विनोद करणार नाही.

---

टेनेसीकर वहिनी | शनिवार, रात्री ९:१५ (आमच्याकडे सकाळ)

गुडघेदुखी भाऊ, तुम्ही त्याला रिक्षात बसवून दिलंत, ते तुमचं स्वतःचं.

सकाळपासून सगळे पुरुष कोच चाललेत म्हणून आमच्या नॉक्सव्हिलची बाजू मांडते. पॅट समिट. १९७४ मध्ये टेनेसी विद्यापीठाने मुलींच्या बास्केटबॉलची टीम त्यांच्या हाती दिली तेव्हा त्या बावीस वर्षांच्या होत्या, खेळाडूंपेक्षा जेमतेम मोठ्या. महिन्याला २५० डॉलर. गणवेश धुवायचे त्यांनीच, गाडी चालवायची त्यांनीच. कॉलेजात मुलींना खेळात बरोबरीची संधी देणारा कायदा आला त्याला तेव्हा दोनच वर्षं झाली होती. त्या ३८ सीझन राहिल्या. १,०९८ सामने जिंकले, आठ राष्ट्रीय अजिंक्यपदं मिळवली. आणि नॉक्सव्हिलमध्ये कुणालाही विचारा, यापेक्षा वेगळाच आकडा आधी सांगतील : ज्या मुली त्यांच्याकडे पूर्ण मुदत खेळल्या त्या सगळ्या पदवीधर झाल्या. सगळ्या! वर्गात पहिल्या तीन रांगांत बसायचं हा नियम होता. तास बुडवला तर पुढचा सामना बाकावर.

फार कडक बाई. त्यांच्या डोळ्यांची इकडे दंतकथा आहे, नुसतं बघितलं की मुलगी पाणी पाणी. २०११ मध्ये, एकोणसाठाव्या वर्षी, त्यांनी स्वतः जाहीर केलं की आपल्याला अल्झायमर झालाय, आणि तरी तो सीझन पूर्ण केला. २०१६ ला गेल्या. आमच्या दुकानात येणारी एक बाई एकेकाळी विद्यापीठाकडून खेळलेली आहे. ती अजून दहा मिनिटं आधी येते आणि शटरपाशी उभी राहते. मी म्हटलं, अगं, आपलं किराणा दुकान आहे.

---

शंकेखोर | रविवार, सकाळी ८:०५

गुडघेदुखी, सलाम. 'अंगात राहतं' ते चांगलंच असतं असं आपण गृहीत धरून बसलो होतो.

तुमच्यावरून इंडियाना विद्यापीठाचे बास्केटबॉल कोच बॉबी नाइट आठवले. १९७६ चा अख्खा सीझन न हरता जिंकलेले, ती कामगिरी पुरुषांच्या वरच्या गटात त्यानंतर अजून कुणाला जमलेली नाही. पोरांच्या अभ्यासावर बारीक लक्ष. आणि तोच माणूस १९८५ मध्ये भर सामन्यात खुर्ची कोर्टवर भिरकावतो, प्रॅक्टिसमध्ये एका पोराच्या गळ्याला हात घालतानाची चित्रफीत बाहेर येते, आणि २००० मध्ये विद्यापीठ त्याला काढतं. ड्यूक विद्यापीठाचे माजी कोच माइक शशेव्स्की त्यांच्या हाताखाली आर्मीकडून, म्हणजे लष्करी अकादमीच्या टीमकडून, खेळलेले. गुरूच्या खेळाचं बरंच उचललं, खुर्ची तेवढी नाही उचलली. निवड करता येते तर.

---

नववी पाटी | रविवार, सकाळी ९:४०

लेसवाला, वूडनच्या पोरांबद्दल अजून लिहा ना. पोरांच्या तोंडून काय निघालं ते.

---

लेसवाला | रविवार, सकाळी ११:२०

ताई, लिहितो. तिघांचं.

करीम अब्दुल-जब्बार. तेव्हाचा लू अल्सिंडर, न्यूयॉर्कचा. हायस्कूलच्या कोचने त्याला हाफटाइमला, चिडवून खेळवायच्या नादात, वर्णावरून घाणेरडी शिवी दिली होती. कोचचा एक शब्द किती वर्षं ठणकतो त्याचं ते उदाहरण. पुढे यूसीएलएला तीन सीझनांत तीन अजिंक्यपदं. नंतर तो कायम सांगत आला की आमची मैत्री खेळ संपल्यावर वाढली. एक सात फुटी मुस्लिम, न्यूयॉर्कचा, कृष्णवर्णीय. दुसरा चर्चला जाणारा, शेतकऱ्याघरचा, गोरा. करीम कोचपेक्षा सदतीस वर्षांनी लहान. पोरगा आत्मचरित्रं लिहायच्या वयाचा झाला तरी फोन चालू.

बिल वॉल्टन. लाल केसांचा, सायकलवाला, व्हिएतनामविरोधी निदर्शनात अटक झालेला, प्रत्येक नियमाला फाटे फोडणारा. १९७३ च्या अंतिम सामन्यात त्याने २२ पैकी २१ बास्केट टाकले, ४४ गुण. पुढच्या सीझनच्या पहिल्या दिवशी दाढी-केस वाढवून आला. वूडन म्हणाले, हे चालणार नाही. वॉल्टन म्हणाला, केस ठेवणं माझा हक्क आहे. वूडननी विचारलं, तुला मनापासून वाटतं तसं? हो. मग ते म्हणाले, तत्त्वाला चिकटून राहणाऱ्यांचा मला आदर आहे, बिल, आम्हाला तुझी आठवण येईल. वॉल्टन सायकल मारत थेट न्हाव्याकडे. हे सगळं तोच हसत हसत सांगायचा.

पुढे त्याला चार मुलगे झाले. त्यांच्या डब्याच्या कागदी पिशव्यांवर तो रोज वूडनची वाक्यं लिहून द्यायचा. कॉलेजात असताना जी वाक्यं ऐकून डोळे फिरवायचा, तीच! आणि दैव बघा, मोज्याच्या सुरकुतीचा धडा ज्याने घेतला त्याचे पायच दगा देणारे निघाले. तीसहून जास्त शस्त्रक्रिया झाल्या. २०२४ च्या मे महिन्यात तो गेला.

तिसरा स्वेन नेटर. हा माझा लाडका, कारण हा बाकावरचा. वूडननी त्याला आणतानाच सांगितलं होतं की सामन्यात फारसं खेळायला मिळणार नाही, पण रोज प्रॅक्टिसमध्ये देशातल्या सर्वांत भारी सेंटरसमोर, म्हणजे वॉल्टनसमोर, उभा राहशील. यूसीएलएकडून एकदाही सुरुवातीच्या पाचांत नव्हता, तरी १९७३ मध्ये व्यावसायिक संघांच्या निवडीत पहिल्या फेरीतच उचलला गेला. पुढे एनबीएत रिबाउंडमध्ये, म्हणजे हुकलेला बॉल पकडण्यात, पहिला आला. वर मास्तरीणबाईंनी सांगितलेल्या गॅलिमोरबरोबर वूडनच्या शिकवण्यावर पुस्तक लिहिलं, आणि कोचला कविता पाठवत राहिला. जवळजवळ सात फुटी रिबाउंडवाला कविता लिहितोय आणि इंग्रजीचा म्हातारा मास्तर वाचतोय, हे चित्र मला फार आवडतं.

आणि ताई, तुमच्यासाठी एक. बास्केट टाकल्यावर पास देणाऱ्याकडे बघून खूण करायची असा त्यांचा नियम होता. कुणीतरी विचारलं, तो बघतच नसेल तर? कोच म्हणाले, बघत असतोच.

---

मास्तरीणबाई | रविवार, दुपारी १२:०५

शेवटचं वाक्य उद्या वर्गात वापरणार आहे.

---

मिरज जंक्शन | रविवार, दुपारी ४:३०

नमस्कार. वाचनमात्र होतो, पहिलाच प्रतिसाद. मी सांगली भागातच एका कॉलेजात जिमखाना सांभाळतो, तासिका तत्त्वावर. पोरं खेड्यातून एसटीने येतात, पहिली गाडी चुकली की प्रॅक्टिस चुकली. लेसवाला सर, ते शिवलेलं झेरॉक्स आता कुठे असेल? मिळालं तर चार पानांचे फोटो टाकाल का? आमच्याकडे व्हिडिओ रग्गड आहेत, पण पोरं व्हिडिओ बघून डंक मारायला जातात आणि साधा पिव्हट (एका पायावर वळणं) जमत नाही.

---

लेसवाला | सोमवार, सकाळी ६:५०

सर, ते झेरॉक्स आमच्याच घरी निघालं. सर वारल्यावर काकूंनी त्यांची पुस्तकं आम्हा पोरांत वाटली होती. मी तेव्हा इकडे होतो, म्हणून माझा वाटा भावाने आणून माळ्यावर टाकला होता. काल रात्री त्याला फोन करून ट्रंक उघडायला लावली. कडा वाळवीने खाल्ल्यात, पण मजकूर शाबूत. त्याने बावीस पानांचे फोटो पाठवलेत, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

समासात सरांची निळी अक्षरं आहेत. चेस्ट पासच्या पानावर "कोपर बाहेर नको, गवळ्यासारखं." मोज्यांच्या परिच्छेदाला नुसती उभी रेघ, दोनदा ओढलेली.

भावाने शेवटी पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूचा फोटो पाठवला. तिथे आमच्या बॅचच्या अकरा जणांची नावं आहेत. प्रत्येकापुढे दोन आकडे. मला आधी वाटलं जर्सीचा नंबर आणि उंची. मग नीट बघितलं. पहिला आकडा पायाचं माप आणि दुसरा बुटाचं. बहुतेकांचे दोन्ही सारखे. माझ्या नावापुढे लिहिलंय : "८ / १०. दादाचे बूट."

बूट खरंच दादाचे होते. घरात तेव्हा दुसरा जोड घ्यायची ऐपत नव्हती, आणि मी ही गोष्ट टीममध्ये कुणालाच सांगितली नव्हती. पुढे कागद भरून आत बसायचं, एवढीच माझी युक्ती.

त्या ओळीच्या शेवटी वेगळ्या शाईत आणखी एक शब्द आहे, "दिले". आता आठवतंय. त्या दिवाळीनंतर सर म्हणाले होते की कुणीतरी जिमखान्यात बूट विसरून गेलंय, कुणाला बसतात का बघा. सगळ्यांनी घालून बघितले. मलाच बसले.

भाऊ फोनवर म्हणाला, आठ नंबर होते ना रे ते? कोरे होते, पेटीत कागद होता. मी तेव्हाच आईला म्हटलं होतं.

---

मिरज जंक्शन | सोमवार, सकाळी ७:३०

फोटो मिळाले सर. आज पोरांच्या पायाची मापं घेतोय.